डोकी मोजायची की धक्के?

दोन जड अणुकेंद्रके प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळली की नवे कण किती तयार होतील, या हिशेबात ‘सहभागी न्यूक्लिऑन’ (न्यूक्लिऑन म्हणजे केंद्रकातला प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) आणि ‘जोड-टकरी’ या दोन संख्यांची हमखास गल्लत होते, कारण दोन्ही भौतिकशास्त्रज्ञ ग्लॉबर यांच्या एकाच प्रतिमानातून काढल्या जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभ्या असलेल्या नागपूरकराला मात्र हा फरक सहज उमगावा. काळी आणि पिवळी मारबत (मिरवणुकीने नेले जाणारे पुतळे) समोरासमोर आल्यावर, पलीकडच्या मिरवणुकीतल्या कोणाचा तरी धक्का लागलेली डोकी मोजली तर ते सहभागी, आणि प्रत्येक धक्का वेगळा मोजला तर त्या जोड-टकरी. चौघे चौघांना भिडले आणि प्रत्येकाचा प्रत्येकाला धक्का लागला, तर डोकी 8, पण धक्के 16.

सोन्याच्या अणुकेंद्रकात 197 न्यूक्लिऑन असतात. अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या ‘रिक’ त्वरकात, न्यूक्लिऑनच्या दर जोडीमागे 200 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला, अगदी समोरासमोरच्या टकरीत सुमारे 350 सहभागी आणि हजारावर जोड-टकरी होतात. केंद्रक जितके जाड, तितक्या प्रत्येक न्यूक्लिऑनच्या वाटेत टकरी अधिक, म्हणून दुसरी संख्या पहिलीपेक्षा झपाट्याने वाढते.

कमी संवेगाचे कण, आणि एकूण कणांत त्यांचाच भरणा असतो, ढोबळमानाने सहभागींच्या संख्येप्रमाणे वाढतात: न्यूक्लिऑन एकदा ‘जखमी’ झाला की पुढच्या धक्क्यांनी फारसे बिघडत नाही, असे बिआलास आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये मांडले. (ढोबळमानाने हा शब्द इथे हवाच, कारण सहभागींच्या दर जोडीमागचे कण टक्कर जितकी समोरासमोर तितके थोडे वाढतातच.) याउलट, उच्च संवेगाचे कण क्वचित घडणाऱ्या, क्षणार्धात आटोपणाऱ्या प्रक्रियेतून येतात, तिथे प्रत्येक धक्का ही स्वतंत्र संधी असते आणि हिशेब जोड-टकरींचाच करावा लागतो.

मोजपट्टी चुकली तर काय हरवते, ते पायॉन या हलक्या कणाच्या उदाहरणात दिसते. समोरासमोरच्या टकरीतील उच्च संवेगाच्या पायॉनांची संख्या जोड-टकरींनी भागून प्रोटॉन-प्रोटॉन टकरीशी ताडली, तर ती अपेक्षेच्या जेमतेम एक पंचमांश भरते. तीच संख्या सहभागींच्या जोड्यांनी, म्हणजे सुमारे 175 ने, भागली तर उत्तर एकच्या आसपास येते आणि सारे आलबेल वाटते. न्यूक्लिऑनचे घटक असलेल्या क्वार्क-ग्लुऑनांच्या दाट द्रव्यातून जाताना, ज्यांपासून हे पायॉन बनतात ते क्वार्क ऊर्जा गमावतात, हा मोठा शोध अशा भागाकारात झाकला गेला असता. मग पहिलीच पट्टी बरोबर कशावरून? टकरीच्या आरंभी निर्माण होणारे फोटॉन त्याच द्रव्यातून अडथळ्याविना बाहेर पडतात, आणि त्यांची संख्या जोड-टकरींनी भागून प्रोटॉन-प्रोटॉन टकरीशी ताडल्यावर उत्तर एकच्या जवळ येते; सहभागींनी भागली तर ते अनेक पटींनी फुगते. पुढे लार्ज हेड्रॉन कोलायडरमधील शिशाच्या टकरींत, फोटॉनप्रमाणेच या द्रव्यात न अडकणारे झेड बोसॉन हे कणही जोड-टकरींच्याच प्रमाणात सापडले.