चार कवड्या, सोळा शक्यता

नाणे उडवले तर छापा येण्याची शक्यता किती, असे सहावी-सातवीच्या वर्गात विचारले की 'निम्मी' हे उत्तर चटकन येते. मग त्याच मुलांच्या हातात एक कवडी द्यावी. कवडी पडणार ती उताणी नाहीतर पालथी. मग इथेही निम्मीच का? पुष्कळ मुले 'हो' म्हणतात, कारण दोन प्रकार म्हणजे फिफ्टी-फिफ्टी हे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. संभाव्यतेचा पहिला धडा इथून सुरू व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत संभाव्यतेचे स्वतंत्र प्रकरण दहावीच्या गणितात भेटते. अनुकूल निष्पत्ती (म्हणजे आपल्याला हवे ते निकाल) भागिले एकूण निष्पत्ती, हे सूत्र तिथे आहे. मात्र सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, असतील तरच ते चालते. ही अट आधी समजली नाही तर सूत्र पाठ होते आणि गैरसमज जागच्या जागी राहतो.

कवडीची एक बाजू फुगीर, दुसऱ्या बाजूला दातेरी फट. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, म्हणून ती टाकून, मोजूनच पाहावी लागते. मंडईजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानांतून मूठभर कवड्या आणल्या तरी वर्गाचे भागते. प्रत्येक गटाने आपली कवडी शंभर वेळा टाकावी. गटागटाचे आकडे थोडे वेगळे येतील, आणि ते तसे यायलाच हवेत. कवड्याही वेगळ्या असतात, नशीबही.

नाण्याच्या बाबतीत मुलांना नेमका हाच फरक खटकतो. दहा वेळा उडवून सात छापे आले की 'नाणे खोटे आहे' असे म्हणून ती मोकळी होतात. प्रत्यक्षात दहापैकी बरोबर पाच छापे येण्याची शक्यता १०२४ पैकी २५२, म्हणजे जेमतेम पाव आहे. ४० मुलांच्या वर्गात साधारण दहाच जणांना पाच छापे मिळतील. सगळ्यांच्या नोंदी फळ्यावर एकत्र केल्या की ४०० फेकी होतात, आणि छाप्यांची बेरीज बहुतेक वेळा १८० ते २२० च्या दरम्यान येते. हे मुलांनी स्वतःच्या आकड्यांतून पाहावे. शिक्षकांनी आधी सांगून टाकले तर त्यातली मजाच जाते.

आता अष्टाचंगा. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितके दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ. (घरोघरी नियम थोडे बदलतात; आजीला विचारावे.) हिशेबासाठी आधी कवड्यांच्या जागी चार नाणी घ्या. शून्यापासून चारपर्यंत छाप्यांचे पाच प्रकार, म्हणून प्रत्येकाची शक्यता एक पंचमांश, असे मुले म्हणतील. त्यांना चार नाण्यांना चार रंगांचे ठिपके लावायला सांगा आणि सगळ्या निष्पत्ती लिहून काढू द्या. त्या १६ भरतात. एकही छापा नाही असे एकदाच, एक छापा ४ प्रकारे, दोन ६, तीन ४, चारही छापे पुन्हा एकदाच. स्वतःच्या हाताने ही यादी केलेले मूल 'पाच प्रकार, सारखी शक्यता' सहसा पुन्हा म्हणत नाही.

चुकलेल्या मुलांना दालांबेरची गोष्ट जरूर सांगावी. फ्रान्सच्या या थोर गणितज्ञाने १७५४ मध्ये लिहिले, की दोन फेकींत एक तरी छापा येण्याची शक्यता २/३ आहे. पहिल्याच फेकीत छापा आला की खेळ संपला, म्हणून त्याने तीनच शक्यता मोजल्या. त्या समसंभाव्य नव्हत्या. खरे उत्तर ३/४.

मग पुन्हा कवड्या. समजा, आपली कवडी १०० पैकी ४० वेळा उताणी पडते. तर दहा हजार दानांत चारही उताण्या सुमारे २५६ वेळा पडतील, पण चारही पालथ्या सुमारे १२९६ वेळा! एका कवडीतला लहानसा फरक चार कवड्यांत पाचपट होतो. हा गुणाकार सातवीच्या मुलाला सहज जमतो, आणि त्यातून कळणारी गोष्ट मोठी आहे.

पावसाळ्यात पुण्याच्या मुलांना आणखी एक प्रश्न द्यावा. मोबाइलवर 'पावसाची शक्यता ३०%' दिसते आणि पाऊस पडतो. अंदाज चुकला का? एका दिवसावरून ठरवताच येत नाही. रोज सकाळचा अंदाज वहीत टिपायचा आणि हंगाम संपल्यावर फक्त ३०% वाले दिवस वेगळे काढायचे. त्यांतल्या दहापैकी सुमारे तीन दिवशी पाऊस पडला असेल, तर अंदाज चांगला. पण पाऊस कुठला धरायचा? कोथरूडला सर कोसळते तेव्हा विमाननगर कोरडे असू शकते. म्हणून घटना आधीच ठरवावी लागते. हवामान खाते सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंतचा पाऊस मोजते आणि २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला तर तो पावसाचा दिवस धरते. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला, तर वर्गाला हाच नियम आपल्या वहीसाठी वापरता येईल.