ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव

लक्ष्मीपूजन झालं की ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहितो आणि पेढे वाटले जातात. अनेक मराठी घरांत बाईचं नाव बदलतं ते इथे. कायद्याने तसं कधीच सांगितलेलं नाही. तरी कित्येक मुलींना आजही वाटतं की लग्नानंतर नाव बदलावंच लागतं.

रीत किती मुरलेली होती ते दोन यमुनांकडे पाहिलं की कळतं. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं आणि कुर्लेकरांची यमुना रमाबाई झाली. पुढच्याच वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न होऊन कल्याणची यमुना आनंदीबाई झाली. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली ती आनंदीबाईंनी. दोघींची कर्तबगारी सासरच्या नावावर नोंदली गेली.

आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. त्यामुळे मराठी मुलीचं कधीकधी तिन्ही बदलतं, मूळचं काहीच उरत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मात्र वधूच्या नावाबद्दल अवाक्षरही काढत नाही. विवाह नोंदणी झाली तरी माहेरचं नाव तसंच ठेवता येतं.

खरी ओढाताण कागदांची. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. मग ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र करायचं, किंवा राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, नाव छापून आणायचं. तिथे जुनं नाव आणि नवं नाव शेजारीशेजारी येतं. राजपत्र नाव देत नाही. माणसाने स्वतः केलेला बदल ते जाहीर करतं, आणि पुढे बँका, कार्यालयं तो पुरावा मानतात.

जाताना सोपी असलेली ही वाट परतताना अवघड होते. केंद्राच्या राजपत्रासाठीच्या एका अधिसूचनेनुसार, २०२४ मध्ये माहेरचं आडनाव परत घ्यायचं तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र लागत होतं. लग्नाआधीचं, जन्मापासूनचं नाव, आणि त्याला संमती नवऱ्याची! एका महिलेने त्याच वर्षी याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं आणि आडनाव या क्रमाने लिहायचं. आईला कागदावर जागा मिळाली, हे मला मनापासून मोलाचं वाटतं. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी तिचं नाव, पतीचं नाव, आडनाव ही जुनी पद्धत कायम राहिली. फक्त मालमत्तेच्या दस्तांत लग्नाआधीचं नाव लावायची मुभा तिला मिळाली.