गादी की फळी?

चपलांच्या दुकानात माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चप्पल उचलून तळ अंगठ्याने दाबून बघणं. दबला की खूश. पाय दुखत असेल तर आणखीच खूश. पावलाच्या संधिवातासाठी बुटात घालायला जे खास इनसोल बनवून मिळतात, ज्यांना ऑर्थोटिक म्हणतात, तेही आपण असेच दाबून पसंत करतो. आणि पुष्कळदा तिथेच फसतो.

पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा घ्या. टाच उचलली की भार चवड्यावर येतो आणि हा सांधा साधारण अर्ध्या काटकोनाइतका वर वाकतो. दिवसाला पाच हजार पावलं टाकली, तर एका पायाचा अंगठा अडीच हजार वेळा वाकला. सांध्यातली गुळगुळीत कूर्चा झिजली आणि वरच्या कडेला हाड वाढलं, की यातल्या प्रत्येक वेळी हाड हाडाला अडतं. जिना चढताना, उकिडवं बसताना जीव जातो. इथे मऊ गादी काय करणार? पाऊल तिच्यात रुततं खरं, पण अंगठा वाकायचा तो वाकतोच.

बिजागरी गंजली असेल तर दाराखाली गालिचा अंथरून कुरकुर थांबत नाही. दार कमी हलवावं लागतं. बुटात ते काम कार्बन फायबरची पातळ, कडक पट्टी करते. ती टाचेपासून बोटांपर्यंत जाते, बुटाचा तळ वाकू देत नाही आणि अंगठ्याचं वाकणं वाचवते. मेलबर्नमधल्या संशोधकांनी अंगठ्याचा संधिवात असलेल्या १०० जणांवर हे तपासलं. एका गटाला अशी पट्टी दिली, दुसऱ्याला दिसायला तशीच पण लवचिक, म्हणजे नावापुरती. बारा आठवड्यांनी पावलाचं दुखणं कडक पट्टीवाल्यांचं जास्त कमी झालेलं होतं. त्याच शहरात ८८ जणांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत पावलाच्या कमानीला आधार देणारे तयार इनसोल आणि साधे सपाट इनसोल यांची तुलना झाली. फरक पडला नाही. दुखणं दोन्हीकडे कमी झालं, पण सारखंच. नावापुरत्या इनसोलनेही माणसाला बरं वाटतं, म्हणून अशा चाचण्यांत तो ठेवावाच लागतो. ‘मला गुण आला’ एवढ्यावरून कमानीला श्रेय देता येत नाही.

घोट्याची कथा निराळी. गुडघा नि खुबा बहुधा वयाने झिजतात; घोटा मात्र बहुतेक वेळा जुन्या दुखापतीने. वीस वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून मोडलेला किंवा कबड्डीत पुन्हा पुन्हा मुरगळलेला घोटा पन्नाशीत हिशेब मागतो. नडगीच्या खोबणीत बसलेलं घोट्याचं हाड जागेवरून किंचित जरी सरकलं तरी भार फार थोड्या जागेवर येतो. १९७६ साली मृतदेहांच्या घोट्यांवर केलेलं एक मापन अस्थिशल्यचिकित्सक अजूनही सांगतात: हाड बाहेरच्या बाजूला एक मिलिमीटर सरकलं, तर सांध्यातला स्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी घटला.

मग इनसोल काय करतो? डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आपण पुठ्ठ्याची घडी घालतो, तसंच. टाचेच्या एका कडेखाली काही मिलिमीटरची पाचर बसवली की पावलाचा कल बदलतो आणि भार झिजलेल्या बाजूवरून थोडा चांगल्या बाजूकडे जातो. पण एक मर्यादा सांगायला हवी: घोट्याचं वरखाली होणं बुटाच्या आतून थांबवता येत नाही. झीज फार असेल तर घोट्याच्या वरपर्यंत धरणारा पट्टा किंवा ब्रेस लागतो, नाहीतर डोलखुर्चीच्या पायासारखा गोल तळाचा बूट, म्हणजे घोट्याऐवजी बूटच पुढे कलंडतो. आणि झिजलेली कूर्चा यातल्या कशानेही परत येत नाही.

गादीला मान मिळतो तो आमवातात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये. चवड्याखालची चरबीची नैसर्गिक गादी पुढे सरकते, हाडांची टोकं थेट जमिनीला टेकतात आणि रुग्ण म्हणतात, ‘खड्यांवरून चालल्यासारखं वाटतं.’ दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, तेव्हा भार तळव्यावर पसरवला की दाब उतरतो. इनसोलने आमवातातलं दुखणं कमी होतं, याला अभ्यासांचा बऱ्यापैकी आधार आहे. मात्र चवड्याखाली लावायचा उंचवटा दुखतं त्या जागी लावायचा नसतो. हाडांच्या टोकांच्या जरा मागे लावायचा असतो. बोटभर पुढे सरकला तर तोच दुखणं वाढवतो.

दाब पसरवण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांचे पाय ‘सडतात’ असा तेव्हा समज होता. बधिर पावलाच्या एकाच जागेवर पुन्हा पुन्हा दाब पडल्याने जखमा होतात, हे त्यांच्या कामातून दिसून आलं, आणि मऊ मायक्रोसेल्युलर रबराची पादत्राणं पुढे आली. सरकारी दवाखान्यांतून मिळणारी ‘एमसीआर चप्पल’ ती हीच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी म्हणूनच कडक पट्टीचा प्रयोग मनाने करू नये. टोचलेलं कळणारच नाही.

मापाचा इनसोल करायला पावलाचा साचा प्लास्टरच्या पट्ट्यांनी, फोमच्या खोक्यात पाय दाबून किंवा स्कॅनरने घेतात. साच्यावर तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा ओढून बसवतात, हल्ली थ्रीडी प्रिंटही काढतात. पाऊल साधारण नेहमीच्या घडणीचं असेल तर तयार इनसोलला पाचर-उंचवटा लावूनही पुष्कळदा भागतं. बोटं वाकडी झालेली, दोन्ही पाय वेगळे, जुनं हाड मोडलेलं, तिथे मापाचाच हवा. प्रदर्शनात पायाचं रंगीत चित्र काढून लगेच इनसोल विकणाऱ्यांबद्दल मला शंका आहे: उभ्या पायाचं चित्र चालणाऱ्या पायाबद्दल थोडंच सांगतं. कुठला सांधा, कुठल्या हालचालीला दुखतो, हे आधी डॉक्टरांकडून कळायला हवं. मग ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे इनसोल नि पट्टे बनवून देणारा तज्ज्ञ. मुंबईत हाजी अलीच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत असा विभाग आहे. जाताना जुने बूट सोबत न्या. तळ कुठे झिजलाय हे ते आधी बघतात.

नवा इनसोल पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालावा, मग हळूहळू वेळ वाढवावा. बुटातला मूळचा इनसोल काढून हा घालायचा, नाहीतर पाऊल वर येऊन बूट चावतो.

आपल्याकडे याहून मोठी अडचण उंबरठ्यावर सुरू होते. इनसोल बुटात, बूट दाराबाहेर, आणि बाई दिवसभर स्वयंपाकघरातल्या फरशीवर अनवाणी. तासभराच्या बाजारासाठी पायाला आधार आणि ओट्यापाशी आठ तास काहीच नाही. म्हणून ऑर्थोटिस्टला पहिल्याच भेटीत घरातल्या चपलेचं विचारा: मागे पट्टा असलेली, आतला तळ काढता येणारी सँडल, फक्त घरात वापरायची. देवघरापुरती काढली तरी चालेल.