कंडोम सोसत नसेल तर? मागे राहून गेलेला प्रश्न

सोलापुरात मेडिकलवर कंडोम मागितला की पाकीट कागदात गुंडाळून हातात येतं आणि व्यवहार तिथेच संपतो. तो कशाचा बनलाय हे गिऱ्हाईक विचारत नाही, दुकानदार सांगत नाही. पुढे खाज, आग, सूज सुरू झाली की बाईला वाटतं आपल्यालाच रोग जडला, नाहीतर नवरा-बायकोत नको ते संशय उभे राहतात. रबराचं वावडं असू शकतं, हे कुणाच्या मनातही येत नाही.

याची मुळं जुनी आहेत. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. खटले अंगावर घेतले, पण लिहिणं थांबवलं नाही. बाईचं आरोग्य आणि तिचं सुख यांवर ते ठामपणे बोलत. १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन सुरू झालं आणि हा धागा मागे पडला. १९६८ मध्ये ‘निरोध’ हा सरकारी कंडोम आला, १५ पैशांना तीन. चहा, साबण, बॅटऱ्या विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तो गावोगावच्या दुकानांत पोचवला. काम प्रचंड झालं, यात शंका नाही. पण हिशोब राहिला तो किती वाटले याचा. १९८६ मध्ये देशात एचआयव्ही सापडला. पुणे-हैदराबाद महामार्गावरचं, ट्रकांच्या सततच्या वर्दळीचं सोलापूर त्या लढाईत महत्त्वाचं ठरलं. तेव्हाही निरोप एकच होता: वापरा. न सोसणाऱ्याने काय करायचं, हे सांगायला कुणाला सवड नव्हती.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिराच उमगलं. रबरी हातमोज्यांमुळे अंगावर पित्त उठल्याची नोंद १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये झाली. एड्सच्या धास्तीने हातमोज्यांचा वापर वाढला, तशा तक्रारीही वाढल्या.

त्रास तीन तऱ्हेचा असतो. रबराच्या चिकातल्या, म्हणजे लेटेक्समधल्या, प्रथिनांचं वावडं असेल तर काही मिनिटांत गांधी उठतात, सूज येते, क्वचित श्वास कोंडतो. तसं झालं तर थेट दवाखाना गाठायचा. रबर पक्कं करताना घातलेल्या रसायनांचं वावडं एक-दोन दिवसांनी पुरळ होऊन दिसतं. तिसरी नुसती जळजळ, आणि ती ॲलर्जी नसतेच. सुगंध, चव, ‘जास्त वेळ’वाल्या पाकिटातलं बधिर करणारं बेन्झोकेन किंवा शुक्राणुनाशक नोनोक्सिनॉल-९ यांपैकी काहीतरी झोंबत असतं. म्हणून त्रास सौम्य असेल तर आधी बिनवासाचा, साधा कंडोम घेऊन बघावा. करमाळ्याकडची केळी किंवा पपई खाल्ल्यावर ज्याच्या तोंडाला खाज सुटते, त्याने तर लेटेक्सबद्दल सावधच राहावं. या फळांतली काही प्रथिनं रबराच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात.

पर्याय आहेत. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे कंडोम १९९० च्या दशकात आले, पॉलिआयसोप्रीन या कृत्रिम रबराचे २००८ च्या सुमारास. स्त्रियांसाठी नायट्राइल या कृत्रिम रबराचा कंडोमही मिळतो. पॉलिआयसोप्रीनमध्ये झाडाची प्रथिनं नसतात, पण पक्कं करणारी रसायनं असू शकतात. त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेचा त्रास असणाऱ्याने त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर पट्टी लावून वावडं ओळखायची चाचणी, करून घ्यावी. हे कंडोम महाग पडतात आणि प्रत्येक मेडिकलवर नसतात, मागवावे लागतात. मागवताना पाकिटावर ‘नॉन-लेटेक्स’ लिहिलेलं बघावं. मेंढीच्या आतड्याचे कंडोम मात्र एचआयव्ही रोखत नाहीत.

आग होते म्हणून खोबरेल लावणं घराघरांत चालतं. ते घातक आहे. तेलाने लेटेक्स आणि पॉलिआयसोप्रीन दोन्ही कमकुवत होऊन फाटतात. वंगण पाण्याचं किंवा सिलिकॉनचं हवं. सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा ट्रकच्या केबिनमध्ये ठेवलेलं पाकीटही मुदतीआधीच निकामी होऊ शकतं.

आणि हे फक्त बिछान्यापुरतं नाही. कंडोमने अंगावर पित्त उठतं अशा बाईने बाळंतपणाच्या किंवा ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगायलाच हवं, कारण त्यांच्या हातातले मोजेही बऱ्याचदा त्याच रबराचे असतात.