सामायिक प्रोटोकॉल स्थिरांक : ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधील

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडूच्या हातातला क्लायंट, म्हणजे त्याच्या फोनवरचा किंवा संगणकावरचा गेम, आणि सगळ्यांचे जग चालवणारा दूरचा सर्व्हर यांच्यात फक्त बाइट्सची देवाणघेवाण होते. कोणता आकडा कुठे आला की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे दोघांच्या कोडमध्ये आधीच लिहिलेले असते. दोन्हीकडे एकसारख्या असाव्याच लागणाऱ्या या आकड्यांना सामायिक प्रोटोकॉल स्थिरांक म्हणतात; प्रोटोकॉल म्हणजे देवाणघेवाणीचा ठरलेला करार. संदेशाचा क्रमांक म्हणजे ऑपकोड, त्रुटींचे क्रमांक, दिशा, हत्यार व चिलखताच्या जागा, नावाची कमाल लांबी, पॅकेटचा कमाल आकार, पोर्ट, हार्टबीटचे, म्हणजे ‘जोडणी चालू आहे’ या ठरावीक संदेशाचे, अंतर आणि प्रोटोकॉलची आवृत्ती हे सगळे त्यात येते. तलवारीची ताकद किंवा राक्षसाचे आयुष्य यात येत नाही. ते सर्व्हरचे एकट्याचे आकडे असतात आणि रोज बदलले तरी क्लायंटचे काही बिघडत नाही.

मुंबईत ही कल्पना रोज फलाटावर दिसते. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर ‘के’ म्हणजे कल्याण, ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत. कर्जतच्या नावात ‘एस’ कुठेच नाही, तरी डोंबिवलीकराचे त्यावाचून काही अडत नाही. तोच ‘एस’ शेवटच्या जागी आला की त्याचा अर्थ ‘धीमी’ होतो. प्रोटोकॉलचेही तसेच आहे. संदेशाच्या जागी आलेला ७ म्हणजे ‘वार कर’ असू शकतो आणि दिशेच्या जागी आलेला ७ म्हणजे वायव्य. आकडा कोणता निवडला याला फारसे महत्त्व नाही. जागा आणि करार दोन्ही बाजूंना ठाऊक हवेत.

१९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मड’सारख्या मजकुरी खेळांना असे तक्ते लागत नव्हते. खेळाडू शब्द टाइप करी आणि सर्व्हर ते वाचून वाक्यांत उत्तर देई. चित्रमय खेळ आले, सेकंदाला अनेक हालचाली पाठवायची वेळ आली, तेव्हा शब्दांची जागा आकड्यांनी घेतली.

१९९७च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मधले एक पाऊल जवळून पाहू. क्लायंट ७ बाइट पाठवतो. पहिला बाइट २, म्हणजे ‘चालायचे आहे’. दुसरा दिशा : ० उत्तर, १ ईशान्य, असे घड्याळाच्या काट्याप्रमाणे ७ वायव्येपर्यंत. धावत असेल तर त्यात १२८ मिळवतात, म्हणून पूर्वेकडे धावणे म्हणजे २ अधिक १२८, एकूण १३०. तिसरा बाइट पावलाचा क्रम आणि उरलेले चार फसवेगिरी रोखण्याच्या किल्लीचे. सर्व्हरला पाऊल मान्य असेल तर ३ बाइटांचा ३४ क्रमांकाचा संदेश येतो. नसेल तर ८ बाइटांचा ३३ क्रमांकाचा संदेश येतो, त्यात खरी जागा असते आणि पात्र मागे खेचले जाते. यातली मेख पावलाच्या क्रमात आहे. तो २५५नंतर ०वर न जाता १वर जातो. ० फक्त नव्याने सुरुवात करताना वापरतात. आठ बिटांच्या साध्या बेरजेत २५५नंतर आपोआप ० येतो, त्यामुळे नवा क्लायंट लिहिणारा इथे हमखास चुकतो. चाचणी करणारा दोनशे पावले चालून समाधानाने उठतो आणि खेळाडू दोनशे सत्तावन्नाव्या पावलाला अडकतो.

संदेशाची चौकट

टीसीपी ही इंटरनेटवरची रूढ वाहतूक-पद्धत बाइट्स क्रमाने पोचवते, पण एक संदेश कुठे संपला हे सांगत नाही. म्हणून बहुतेक गेम सुरुवातीला २ बाइट लांबी आणि १ किंवा २ बाइट ऑपकोड ठेवतात. लांबीत ते २ बाइट स्वतः धरायचे की नाही, हाही एक स्थिरांकच आहे आणि तो फाइलमध्ये वाक्यात लिहून ठेवावा. एका बाजूने धरले आणि दुसरीने नाही, तर पहिला संदेश नीट वाचला जातो, दुसरा दोन बाइट सरकतो आणि तिसऱ्यापासून सगळा कचरा होतो. लॉगमध्ये मात्र ‘अनोळखी ऑपकोड’ एवढेच दिसते, त्यामुळे माणूस ऑपकोडच्या तक्त्यात तासभर हरवतो.

बाइटांचा क्रमही असाच ठरवावा लागतो. नेटवर्कच्या रूढ क्रमात मोठा बाइट आधी येतो, तर आजचे बहुतेक संगणक आणि फोन लहान बाइट आधी ठेवतात. लांबी १२ असेल आणि क्रम उलटा वाचला तर ती ३०७२ होते. मग सर्व्हर उरलेल्या तीन हजार बाइटांची वाट पाहत बसतो. कोणतीही त्रुटी येत नाही, लॉगिनचा पडदा नुसता फिरत राहतो. ‘गेम हँग झाला’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढेच असते.

अधिक-उणे चिन्हाचा घोळ याहून फसवा. सी भाषेत साधा ‘कॅर’ हा एका बाइटाचा प्रकार ऋण आकडे धरतो की नाही, हे कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारे साधन) आणि प्रोसेसरवर अवलंबून असते. इंटेलच्या संगणकावर तो सहसा धरतो, अँड्रॉइडच्या एआरएम फोनवर धरत नाही. मग २०० क्रमांकाचा ऑपकोड एकीकडे २०० राहतो आणि दुसरीकडे उणे ५६ होतो. जावा भाषेत बाइट नेहमीच चिन्हासह असतो. १२७पर्यंतचे संदेश व्यवस्थित चालतात आणि गेम वाढून तक्ता १२८च्या पुढे गेला की बिघाड सुरू होतो. उपाय सोपा आहे : रुंदी आणि चिन्ह स्पष्ट सांगणारे प्रकार वापरावेत. अख्खे स्ट्रक्चर, म्हणजे अनेक आकडे एकत्र ठेवणारा साचा, मेमरीतून उचलून तसेच पाठवू नये. १ बाइट आणि ४ बाइट मिळून ५ व्हायला हवेत, पण कंपायलर मध्ये जागा सोडून त्याचे ८ करतो.

क्रमांक देणे आणि निवृत्त करणे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक अगदी निरुपद्रवी दिसते. एनममध्ये, म्हणजे नावांना क्रमांक देणाऱ्या कोडमधल्या यादीत, कोणी तरी नवा संदेश अक्षरानुक्रमाने ‘नीट’ मध्ये घुसवतो आणि त्याखालचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. जुन्या क्लायंटने ‘सौदा रद्द’ पाठवले की नवा सर्व्हर ‘सौदा मान्य’ वाचतो. म्हणून प्रत्येक नावापुढे आकडा हाताने लिहावा आणि नवा संदेश मोकळ्या क्रमांकावर टाकावा. ० कोणालाही देऊ नये, कारण न भरलेली मेमरी बहुधा शून्यच असते आणि चुकून गेलेले रिकामे पॅकेट ओळखता येते. लॉगिन, हालचाल, लढाई, बाजार, गप्पा असे गट करून मध्ये जागा सोडणे चांगले, पण गट भरला म्हणून जुने क्रमांक हलवू नयेत. तक्ता कुरूप दिसला तरी चालेल.

वापरातून गेलेल्या संदेशाचा क्रमांक पुन्हा कोणाला देऊ नये. त्याची ओळ खोडण्यापेक्षा तिच्यासमोर ‘निवृत्त’ आणि कोणत्या आवृत्तीपासून, ते लिहावे. संदेशांची रचना लिहायच्या ‘प्रोटोकॉल बफर्स’ या साधनात यासाठी ‘रिझर्व्ड’ हा शब्दच आहे आणि तो क्रमांक कोणी परत वापरला तर कंपायलर अडवतो. तिथे १ ते १५ हे फील्डचे, म्हणजे संदेशातल्या एकेका रकान्याचे, क्रमांक एका बाइटात मावतात, म्हणून दर टिकला (सर्व्हरच्या प्रत्येक ठोक्याला) जाणाऱ्या स्थान आणि दिशेसाठी ते राखावेत. वर्षातून एकदा लागणाऱ्या सणाच्या बक्षिसाला १४ देणे ही उधळपट्टी.

एका बाइटाचा तक्ता भरत आला तर एक क्रमांक ‘पुढे उपक्रमांक आहे’ यासाठी ठेवतात. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये हे काम १९१ करतो, त्याच्या लांबीनंतर २ बाइटांचा उपक्रमांक येतो.

सर्व्हर आणि क्लायंट वेगळ्या भाषांत असतील तर स्थिरांक दोन ठिकाणी हाताने लिहू नयेत. एक मूळ फाइल ठेवून दोन्ही भाषांतल्या फाइली बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होताना, तिच्यातून तयार कराव्यात. ‘दोनच ओळी तर आहेत, कॉपी करतो’ हे वाक्य ऐकू आले की पुढच्या आठवड्यात बग येतो.

नावाची लांबी आणि देवनागरी

मराठी खेळाडूला सर्वाधिक खटकणारा स्थिरांक म्हणजे नावाची कमाल लांबी. तो बहुधा रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून १६ बाइट असा ठरलेला असतो. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘मुंबईकर’मध्ये सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. नाव संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट धरून १६मध्ये कापले तर ‘मुंबई’ उरते, आणि हे नशीब. शून्य न धरता १६ बाइट घेतले तर ‘क’चा पहिला बाइट लटकत राहतो, नाव अवैध ठरते आणि कुठे चौकोन दिसतो तर कुठे अख्खा गप्पांचा संदेश नाकारला जातो.

‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरांचे नाव वाटते. त्यात ११ चिन्हे आणि ३३ बाइट आहेत. अक्षरे मोजणाऱ्या लायब्ररीवरही (तयार कोडच्या संचावरही) डोळे मिटून विसंबता येत नाही. युनिकोड १५.१, म्हणजे २०२३पासून, देवनागरी जोडाक्षर एकत्र मोजण्याचा नियम आला. त्याआधीची लायब्ररी याच नावाची सहा अक्षरे मोजते. फोनवर एक लायब्ररी आणि सर्व्हरवर दुसरी असली की फोन ‘चालेल’ म्हणतो आणि सर्व्हर ‘नाव लांब आहे’ म्हणतो. म्हणून दोन स्थिरांक ठेवावेत, एक चिन्हांच्या संख्येचा आणि एक बाइटांचा, निर्णय सर्व्हरचा.

चंद्रकोरीसारखा ‘ऱ्’ आणखी वेगळा. ‘ताऱ्या’ हे नाव तीन तऱ्हांनी साठवता येते : ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरून १८ बाइटांत, ‘र’ला नुक्ता जोडून २१ बाइटांत, किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून, तेही २१ बाइटांत. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणीकरणाने पहिल्या दोन एक होतात, तिसरी वेगळीच राहते. एकाच्या नावाची नक्कल करून दुसऱ्याने बाजारात सौदे करायला एवढी फट पुरते. नोंदणीच्या वेळी अदृश्य जोडचिन्ह सरसकट उडवले तर ‘र्‍या’चा ‘र्या’ होऊन नाव बिघडते. या एका रूपाला आधी ‘ऱ’मध्ये बदलून मग प्रमाणीकरण करावे.

वेळ, आकार आणि मुंबईचे नेटवर्क

टिक म्हणजे सर्व्हरच्या जगाचा एक ठोका. ‘रूनस्केप’चा टिक ०.६ सेकंदाचा आहे, ‘ईव्ह ऑनलाइन’चा १ सेकंदाचा. कालावधीचे स्थिरांक टिकमध्ये आहेत की मिलिसेकंदांत, हे नावातच लिहावे. एका वारानंतरच्या सक्तीच्या थांब्याला नुसते ‘कूलडाउन ५०’ म्हटले की क्लायंटचे बटण ५० मिलिसेकंदांत उजळते आणि ०.६ सेकंदाचे ५० टिक मोजणारा सर्व्हर अर्धा मिनिट नकार देत राहतो.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद. वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्री केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच लागतात. सर्व्हर सिंगापुरात असताना ‘वार अडवण्याची मुभा ४० मिलिसेकंद’ ठेवली तर अंधेरीचा खेळाडू कितीही चपळ असो, हरणारच.

यूडीपी या टीसीपीहून हलक्या पद्धतीत पॅकेटचा कमाल आकार १४७२ असा सर्रास लिहिलेला दिसतो : इथरनेटच्या १५००मधून आयपीचे २० आणि यूडीपीचे ८ वजा. केबलवाल्याच्या ब्रॉडबँडवर पीपीपीओई ही जोडणीची पद्धत असेल तर आणखी ८ जातात आणि मोठे पॅकेट तुकडे होऊन जाते किंवा वाटेत गळते. तेव्हा छोटी पॅकेट पोचतात, पण गजबजलेल्या बाजारात शिरताच जग गोठते. १२०० ठेवावे.

टीसीपीची स्वतःची ‘जिवंत आहेस का’ ही चौकशी चालू केली तरी सहसा २ तासांनी होते, त्यामुळे गेमला स्वतःचा हार्टबीट लागतो. १५ सेकंदांनी हार्टबीट, ४५ सेकंद शांतता झाली तर जोडणी तुटली असे मानणे आणि त्यानंतर ९० सेकंद परत येण्याची मुभा, ही मोबाइलसाठी व्यवहार्य सुरुवात आहे. इमारतीतून खाली उतरताना फोन वायफायवरून मोबाइल डेटावर जातो, पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी मरते. भुयारी मेट्रोतही ती मध्येच तुटू शकते. अशा वेळी ओळखीचे टोकन दाखवून त्याच पात्रात परतता आले पाहिजे. मात्र मुभेच्या काळात पात्र जगातून गायब करू नये, नाहीतर हरत आलेला प्रत्येक जण डेटा बंद करून सुटतो.

‘एका पत्त्यावरून कमाल ३ जोडण्या’ हा स्थिरांक बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्रॅम, रोखायला घालतात. भारतातल्या मोबाइल जाळ्यांत असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे तो चौथ्या अनोळखी माणसाला अडवतो. मर्यादा खात्यावर ठेवावी.

आवृत्ती आणि विश्वास

पहिल्या संदेशातच प्रोटोकॉलची आवृत्ती जावी आणि त्या संदेशाची रचना कधीही बदलू नये, म्हणजे दहा वर्षे जुना क्लायंटही निदान ‘अपडेट करा’ एवढे दाखवू शकेल. ॲप स्टोअरमधून नवी बिल्ड सगळ्यांपर्यंत पोचायला दिवस लागतात, म्हणून आधी सर्व्हर चालू आणि मागील अशा दोन्ही आवृत्त्या समजणारा करावा, मग क्लायंट सोडावा आणि जुने खेळाडू ओसरले की किमान आवृत्ती वाढवावी. हा क्रम उलटला तर शनिवारी रात्री सपोर्टचा इनबॉक्स भरतो.

स्थिरांक गुपित नसतात. क्लायंट खेळाडूच्या हातात आहे, त्यातला तक्ता कोणीही काढू शकतो. दर पॅचला क्रमांक ढवळल्याने चोर थोडा उशिरा येतो इतकेच. म्हणून ‘कमाल नग ९९९’ हे क्लायंटमध्ये फक्त बटण थांबवण्यासाठी असते आणि खरी तपासणी सर्व्हरवर होते. ती खालच्या टोकालाही हवी : उणे ५ नग विकण्याची मागणी मान्य झाली तर विकणाऱ्याच्या पिशवीत वस्तू वाढतात.

चाचणीसाठी प्रत्येक संदेशाचा एक नमुना बाइट-बाइट फाइलमध्ये जपून ठेवतात. बिल्डच्या वेळी क्लायंटच्या कोडने तोच संदेश नव्याने तयार करायचा आणि सर्व्हरच्या कोडने जपलेला नमुना वाचायचा. एक बाइट जरी वेगळा आला तरी बिल्ड अडते. नमुन्यांत १२७ आणि १२८, २५५ आणि २५६, रिकामे नाव आणि एक ‘ताऱ्या’ असलाच पाहिजे.