सिग्नलला उभं राहिलं की गाडीचा एसी का दमतो?

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात पारा 45 च्या पुढे सरकला की गॅरेजमध्ये एकच मागणी ऐकू येते: "एसी कूलिंग देत नाही, गॅस भरून द्या." गॅस भरला जातो, आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. मुळात एसी गॅस खात नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत असतो. सीलमधून आणि रबरी नळ्यांमधून थोडा झिरपतो हे खरं, पण एका उन्हाळ्यात तो संपत असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गळती नसेल, तर दोष गॅसचा नाहीच.

एसी थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-134ए हा वायू साध्या हवेच्या दाबाला उणे 26 अंशांवर उकळतो. डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून तो शून्याच्या थोडं वर उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो.

विदर्भातल्या उन्हाळ्याची खरी गोम या कंडेन्सरपाशी आहे. उष्णता गरमाकडून गारच जागी जाते. कंडेन्सरमधला वायू 60 अंशांवर आणि बाहेरची हवा 30 वर असेल, तर दोघांत 30 अंशांचा फरक मिळतो. हवा 45 ची झाली की फरक थेट निम्मा. तेवढीच उष्णता बाहेर टाकायची तर वायू आणखी तापला पाहिजे, म्हणजे दाब वाढला पाहिजे, म्हणजे कॉम्प्रेसरवर ताण. त्यात गाडी सिग्नलला उभी राहिली की समोरून येणारा वारा थांबतो, इंजिनाचा वेग उतरतो आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसरही मंदावतो. आता सगळी भिस्त एका विजेच्या पंख्यावर.

म्हणून हायवेवर गारेगार आणि सिग्नलला कोमट अशी तक्रार असेल, तर पहिला संशय पंख्यावर आणि धुळीने माखलेल्या कंडेन्सरवर घ्यावा. गाडी सावलीत चालू ठेवा, एसी लावा, बॉनेट उघडा. पंखा जोरात फिरायला हवा. तो कधीही अचानक सुरू होतो, तेव्हा हात, ओढणी, बाह्या लांबच ठेवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर तपासायची. फिरतोय आणि तरीही हवा कोमट, तर समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर साध्या पाइपने हलकं पाणी सोडा. मिनिटा-दोन मिनिटांत आतली हवा गार झाली, तर अडलंय ते उष्णता बाहेर जाण्याच्या वाटेवर. इंजिन बंद करून, गार होऊ देऊन कंडेन्सर नीट धुतला तरी पुष्कळदा फरक पडतो. प्रेशर वॉशरचा फवारा मात्र जवळून मारू नये, पत्र्याच्या बारीक पापुद्र्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बुजते.

झोत गार आहे पण जोर नाही, तर केबिन फिल्टर बघा. तो अनेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तासभर छान चाललेला एसी हळूहळू हवाच देईनासा झाला आणि दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा नीट चालू लागला, तर कॉइलवर बर्फ धरतोय. तिथला तापमानाचा सेन्सर तपासायला सांगा.

कोकणात आणि गोव्यात दुखणं निराळं. तिथे पारा 33 वर असतो, पण हवेत बाष्प भरपूर. कॉइलवर एक लिटर पाणी जमायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तेवढ्यात आठ लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येईल. एसीची बरीच ताकद हवा सुकवण्यातच जाते. काचा खाली असताना किंवा बाहेरची हवा आत घेत असताना कूलिंग मिळत नाही ते यामुळेच. गाडीखाली टपटपणारं पाणी हे एसी नीट चालल्याचं लक्षण. तेच पाणी पायाखालच्या मॅटवर आलं, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

आता गॅसकडे. गाडी बंद असताना गेज लावून "प्रेशर बरोबर आहे" असं कोणी म्हणालं, तर त्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. 40 अंशांना आर-134ए चा दाब 130 पीएसआयच्या आसपास असतो, मग आत 450 ग्रॅम असो की 200. द्रवाचा थोडाही अंश शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावरच ठरतो. घरच्या सिलिंडरचंही तसंच: किती उरलाय ते उचलूनच समजतं. कमी गॅसने कूलिंग घटतं तसं जास्त गॅसनेही घटतं. कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब चढतो आणि सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. अंदाजे "थोडा टॉप-अप" मारणं म्हणूनच मला अजिबात पटत नाही.

हवेत सोडलेला आर-134ए पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट भारी असतो. 400 ग्रॅम गळले, तर साधारण 240 लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान. शिवाय गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही जातं. जोडांवर तेलकट, धूळ धरलेला डाग दिसला, तर गळती बहुधा तिथेच.

गॅरेजमध्ये जुना गॅस मशीनने काढून त्याचं वजन विचारा. बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम हवेत ते छापलेलं असतं. निघालेलं वजन त्याच्या जवळपास असेल, तर नवा गॅस भरून उपयोग नाही, दोष दुसरीकडे शोधायला सांगा. बरंच कमी असेल, तर आधी गळती काढून घ्या, मग व्हॅक्यूम करून आतली हवा आणि ओलावा ओढून घ्यायला सांगा आणि स्टिकरवरच्या आकड्याइतकाच गॅस वजन करून भरून घ्या.