साइक्स सगळे एकाच घराण्यातले?

इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात साइक्स हे आडनाव पैशाला पासरी. शेताच्या हद्दीवरून वाहणाऱ्या ओहोळावरून ते पडलं, आणि असे ओहोळ तिथे गावोगाव. तेव्हा अनेक घराण्यांनी ते आपापलं घेतलं असणार, असं अभ्यासक धरून चालले होते.

ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स एका औषधकंपनीत व्याख्यानाला जाणार होते. तिथले अध्यक्ष सर रिचर्ड साइक्स. "तुम्ही नात्यातले का?" हा प्रश्न आलाच. ब्रायननी उत्तर प्रयोगशाळेत शोधायचं ठरवलं.

वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं. तिथलं आडनावही त्याच वाटेने जातं. या गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएचा एकच छोटा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हा आकडा बापलेकांत सहसा बदलत नाही. ब्रायननी अशा चार जागा निवडून 48 साइक्स पुरुष तपासले. 21 जणांचे चारही आकडे तंतोतंत जुळले! तपासलेल्या शेजारच्या इतर आडनावांत तो संच सापडलाच नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा निष्कर्ष: मूळपुरुष एकच. न जुळणाऱ्यांवरून त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. आडनाव एकाचं आणि वाय दुसऱ्याचं, असं दर पिढीला सरासरी 1.3 टक्केच घडलं असावं. लोकांच्या कुजबुजीपेक्षा हे प्रमाण बरंच सोज्वळ आहे.

'मूळपुरुष एकच' हे मात्र मला घाईचं वाटतं. मुलगे झाले नाहीत की वायची ती शाखा खुंटते. सुरुवातीला दहा साइक्स असले, तरी सातशे वर्षांत एकाचाच वंश फोफावू शकतो. लेस्टर विद्यापीठाने 2009 मध्ये 40 आडनावांचे 1678 पुरुष तपासले. दुर्मीळ आडनावांत वाय भरपूर जुळले. स्मिथमंडळींत मात्र योगायोगापलीकडे काही नाही.

आपल्याकडेही दोन साइक्स येऊन गेले. कर्नल विल्यम हेन्री साइक्स 1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी जमवत होते, आणि सोबत पशुपक्षीही टिपत होते. माळरानावरच्या एका तुरेवाल्या चंडोलाला त्यांचंच नाव आहे. कोळसुंद्याच्या शास्त्रीय नावातलं 'दखुनेन्सिस' त्यांनीच दिलेलं. दुसरे सर फ्रेडरिक साइक्स, 1928 ते 1933 मुंबईचे गव्हर्नर. नुसत्या आडनावावरून दोघांना भाऊबंद ठरवायचं म्हटलं, तर 48 पैकी 21 या हिशेबाने दोघांकडेही तोच संच असण्याची शक्यता साधारण पाचात एक भरते.